सोलापुरातून एका दिवसाची निवांत ट्रिप: आधी दुपारची सावली ठरवा, मग गाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून बदली होऊन सोलापूरला आलेत, जुळे सोलापुरात राहतात, घरात सत्तरीचे आईवडील, सहा वर्षांची मुलगी, नवरा-बायको, गाडी छोटी हॅचबॅक. रविवारी गावाबाहेर कुठंतरी निवांत जायचंय, पळापळ नको, सकाळी निघून संध्याकाळी घरी. कुठं जावं, काय न्यावं, आणि शेवटी विचारलंय की तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट एका दिवसात होईल ना?

होईल की ओ, का नाही होणार. मी बावीस वर्षं सोलापुरात टुरिस्टची गाडी चालवतोय, आधी दुसऱ्याची, मग स्वतःची, आता तीन गाड्या आहेत पण रविवारी फॅमिलीची ट्रिप असली की स्टेअरिंगवर मीच बसतो. ही तीन गावं एका दिवसात मी किती वेळा केली त्याचा हिशोब नाही. आणि दरवेळी संध्याकाळी पाचला आरशात मागं बघितलं की तेच चित्र. आजी तोंड उघडं टाकून झोपलेल्या, पोरगं रडून रडून लाल झालेलं, नवरा एका खिडकीतून बाहेर बघतोय, बायको दुसऱ्या. देवदर्शन झालं, किल्ला झाला, फोटो झाले, निवांत बसणं तेवढं राहिलं. तुम्ही प्रश्नातच "पळापळ नको" लिहिलंय म्हणून सरळ सांगतो, एका दिवसात एकच गाव. दुसरं वाटेवर असलं तरी नाही.

आता कुठलं गाव. पुण्याकडचे लोक आधी विचारतात किती किलोमीटर. तिकडं ते बरोबरच आहे, ट्रॅफिक आहे, घाट आहेत. इकडं तुळजापूरचा छोटा घाट सोडला तर सगळं सपाट, रस्ता सरळ, 40 किलोमीटर म्हणजे आरामात तासभर. अंतराची भानगडच नाही आपल्याकडं, भानगड आहे उन्हाची. डिसेंबरात पण दुपारी बाराचं सोलापूरचं ऊन डोक्यात बसतं, मार्चपासून पुढं तर बोलायलाच नको. त्यामुळं माझ्याकडं कुणी ट्रिप विचारायला आलं की मी एकच विचारतो, दुपारी 12 ते 3 तुम्ही बसणार कुठं? त्याचं उत्तर मिळालं की ट्रिप ठरली, मग सकाळी त्या सावलीपर्यंत पोचायचं आणि ऊन उतरलं की उठायचं, बाकी मधलं काय बघायचं ते आपोआप बसतं त्यात. उत्तर नाही मिळालं तर ती अर्ध्या दिवसाची ट्रिप, साडेअकराला घरी परत. त्यात पण काही कमीपणा नाही.

सावलीचं पण बघून घ्या, सगळी सावली सारखी नसते. बाभळीखाली कधी गाडी लावू नका आणि सतरंजी पण टाकू नका, सावली विरळ आणि खाली काटा. कडुलिंब, चिंच, वड बघायचा. आणि लोक काय करतात, अकराला पोचले की जिथं सावली दिसते तिथंच पसरतात, मग तासाभरात ऊन अंगावर येतं, मग सतरंजी ओढा, डबे उचला, आजोबांना उठवा. थंडीच्या दिवसात सूर्य दक्षिणेकडनं जातो, दुपारी सावली उत्तरेला आणि मग पूर्वेला सरकत जाते. म्हणून खोडाच्या उत्तर-पूर्व अंगाला बसायचं, पहिला अर्धा तास थोडं ऊन लागलं तरी चालेल, पुढचे तीन तास सावली तुमच्याकडं येते. गाडी पण तशीच लावायची, आता सावली कुठंय ते नाही तर तीनला कुठं असेल ते बघून.

तुमच्या फॅमिलीसाठी पहिली ट्रिप मी माचणूर सांगेन. मंगळवेढा रोडवर, कामती, बेगमपूर करत भीमेचा पूल ओलांडला की आलंच, 40 किलोमीटरच्या आसपास. सिद्धेश्वराचं जुनं दगडी देऊळ, खाली नदीला घाट, पात्रात एक छोटं देऊळ. औरंगजेबाची छावणी होती इथं ब्रह्मपुरीला, 1695 ते 1699, चार वर्षं बादशाह या भीमेकाठी तळ ठोकून होता आणि इथूनच पुढं साताऱ्यावर गेला. तुमच्या बाबांना इतिहासाची आवड असेल तर त्यांचा सकाळचा वेळ मस्त जाईल, नसेल तर घाटावर बसून पाणी बघायचं, ते पण पुरतं.

माचणूर पहिलं सांगायचं अजून एक कारण आहे जे मॅपवर दिसत नाही. हे गाव सोलापूरच्या पश्चिमेला आहे. सकाळी जाताना सूर्य पाठीमागं, संध्याकाळी येताना पण सूर्य पाठीमागं. नळदुर्ग उलटं, पूर्वेला आहे, त्यामुळं सकाळी सातला निघालात की उगवता सूर्य थेट काचेवर आणि संध्याकाळी परत येताना मावळता, दोन्ही वेळेला डोळे बारीक करून चालवायचं, त्यात काच आतून धुरकट असली तर समोरची मोटरसायकल दिसतच नाही. रोज चालवणाऱ्याला सवय असते, आठवड्याला एकदा हायवेला जाणाऱ्याला डोकं दुखतं. म्हणून नळदुर्गला जाणार असाल तर काच आतून पण पुसा, लोक बाहेरूनच पुसतात.

तर माचणूरचा दिवस असा लावा. सहाला उठा, घरी चहा आणि थोडं खाऊन सातच्या आसपास निघा. हे जरा उशिरा झालं तरी चालतं पण आठच्या पुढं जाऊ देऊ नका. वाटेत कुठंतरी टपरीवर चहा, घाई नाही. साडेआठपर्यंत देवळात. रविवारी सकाळी गर्दी नसते, गर्दी असते ती श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला. दर्शन घ्या, आवारात फिरा, मुलीला घाटाच्या पायऱ्या मोजायला लावा. आईंना पायऱ्या उतरायला लावू नका, वरनं पण नदी दिसते. साडेदहा-अकरापर्यंत सावली धरून बसायचं, आणि मग काही करायचं नाही. खरंच काही नाही. पत्ते न्या, मुलीला चित्रकलेची वही न्या. लोकांना हा भाग जमत नाही, एक वाजला की कुणीतरी म्हणतंच की आता मंगळवेढा इथून किती, जाऊन येऊ की. मंगळवेढा तिथून जवळ आहे हे खरं, दामाजीपंतांचं गाव, चोखोबांचं गाव, पण ते दुसऱ्या रविवारी. फार तर मार्चच्या सुरुवातीला गेलात तर तिथून ज्वारी आणा, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथल्या मालदांडी ज्वारीची भाकरी एकदा घरी झाली की बाजारातली कुठलीही ज्वारी आवडत नाही मग.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, भीमेच्या पाण्यात पोरांना सोडू नका. पात्र उथळ दिसतं, गुडघाभर पाणी दिसतं, पण वर उजनी धरणातून पाणी सोडलं की इथं पाऊस नसताना पाणी वाढतं. सोलापूर शहराला प्यायला जे पाणी लागतं त्यासाठी उजनीतून नदीत सोडून खाली औजच्या बंधाऱ्यापर्यंत आणत आलेत, म्हणजे उन्हाळ्यात कोरड्या आभाळाखाली पण नदी वाढू शकते. बाहेरगावच्या माणसाला हे माहीत नसतं, तो आभाळाकडं बघून नदीत उतरतो. पाय भिजवायचे तर शेवटच्या पायरीवर बसून, आणि मुलीचा हात धरून.

दुसरी ट्रिप हत्तरसंग कुडल. विजापूर रोडने जायचं, जुळे सोलापुरातून तर शहरात न शिरताच निघता येतं, आणि मग आतल्या रस्त्याला वळायचं, शेवटचा टप्पा अरुंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला की एकाला खाली उतरावं लागतं. भीमा आणि सीना इथं मिळतात. संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं अशी दोन जुनी देवळं, आणि हरिहरेश्वराकडं एक शिवलिंग आहे ज्याच्यावर 359 मुखं कोरलीत. मी आजवर जेवढ्या लहान पोरांना तिथं नेलंय त्यातल्या प्रत्येकाने मोजायला सुरुवात केलीय आणि तीस-चाळीसच्या पुढं कुणी गेलेलं नाही. तुमच्या मुलीला सांगून बघा, अर्धा तास शांत.

आणि मोठ्यांसाठी संगमेश्वराच्या तुळईवरचा लेख. शके 940, म्हणजे इसवी सन 1018. सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शेवटची ओळ मराठीत आहे, "वाछि तो विजेया होईवा", जो वाचेल तो विजयी होईल. मराठीच्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत याचं नाव घेतात. पहिल्यांदा मी एका प्राध्यापकांना घेऊन गेलो होतो, मला वाटलं दगडावरची अक्षरं बघायला एवढ्या लांब कशाला, सर तिथं मान वर करून एकेक अक्षर बोट न लावता दाखवत बसले आणि मग मला म्हणाले तुम्ही वाचा. वाचता येत नव्हतं, त्यांनी सांगितलं तसं म्हटलं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासारख्याच माणसाला उद्देशून लिहून ठेवलंय म्हटल्यावर अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून मी प्रत्येक पार्टीला तिथं उभं करून ती ओळ म्हणायला लावतो. दगडी देवळात दुपारी पण गार लागतं, त्यामुळं सावलीचा प्रश्न अर्धा तिथंच सुटतो. जेवणाचं मात्र काही नाही, सगळं घरून न्यायचं, पाणी पण.

हुरडा हा विषय वेगळा, त्याला ट्रिप म्हणू नका, ते जेवायला जाणंच आहे. डिसेंबर मध्यापासून जानेवारी, कधी फेब्रुवारीपर्यंत. सोलापूरच्या चारी बाजूंनी शेतात हुरड्याची सोय करणारे लोक आहेत, आदल्या दिवशी फोन करून सांगायचं किती माणसं, आणि हे विचारायचं की हुरड्याची ज्वारी कुठली आहे. गूळभेंडी म्हणाला तर जा. नुसती हिरवी ज्वारी भाजून हुरडा म्हणून देणारे पण आहेत, ती चावत बसावी लागते, सत्तरीच्या माणसाला ते जमत नाही. चांगला हुरडा कसा असतो सांगतो. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी केलेली, कणसं निखाऱ्यात खुपसलेली, माणूस बोटांनी दांडा फिरवत बसलेला, तेवढ्यात एक बाहेर काढतो, दोन्ही तळव्यात धरून चोळतो, हात भाजत असतात पण त्याला काही वाटत नाही, एक फुंकर मारली की फोलपटं उडून जातात आणि हातात हिरवे मऊ दाणे. ते ताटात पडायच्या आत खायचे. सोबत शेंगाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, रेवड्या, बोरं. गार झालेला हुरडा म्हणजे चिंगम. म्हणून सगळ्यांनी आगटीच्या भोवतीच बसायचं, लांब टेबल-खुर्चीवर बसून "इकडं आणून द्या" करू नका. आणि वर पाणी ढोसू नका, ताक घ्या, पोट जड होत नाही. आईबाबांना सांगा बेताने, गोड लागतो म्हणून पोट भरून खाल्लं की रात्री त्रास.

हुरड्याला जाताना गाडीचं एक सांगतो, कारण मी स्वतः फसलोय. चार-पाच वर्षांपूर्वी जानेवारीत आदल्या रात्री अवकाळी पडून गेला होता, सकाळी ऊन छान, शेताचा मालक म्हणाला या की, रस्ता चांगलाय. डांबरी सोडून दोनशे मीटर आत गेलो असेन. आपली काळी माती ओली झाली की घसरवत नाही, चिकटते. चाकाला गुंडाळत गुंडाळत वर मडगार्डात भरते, मग चाक फिरायचंच बंद होतं. इंजिन चालू, गिअर पडलेला आणि गाडी जागची हलत नाही. मी रेस करत गेलो तसं पुढचं चाक अजून खाली. गाडीत सात माणसं, त्यात एक बाई गरोदर. शेवटी सगळ्यांना उतरवलं, मी आणि त्यांचा मुलगा खाली पालथे पडून खुरप्याने मडगार्डातली माती उकरत बसलो, अर्धा तास, मग चाकापुढं कडबा पसरला, आणि ट्रॅक्टर येऊन ओढलं. पांढरा शर्ट घातला होता मी त्या दिवशी. तर पाऊस पडून दोन दिवस झाले नसतील तर गाडी डांबरीवर किंवा मुरमावर लावायची आणि चालत जायचं, मालक काही म्हणू दे. छोटी हॅचबॅक तर खाली अजून लवकर टेकते.

आता हे शेतात जाऊन जेवायचं प्रकरण काही नवीन नाही हां, आमच्याकडं येळवस असते, मार्गशीर्ष अमावास्या. सोलापूर, धाराशिव, लातूर, सगळा सीमाभाग त्या दिवशी शेतात असतो, कडब्याची कोप करून पाच पांडव मांडून पूजा, आणि जेवायला भज्जी, उंडे, आंबील. गावात माणूस सापडत नाही त्या दिवशी. ऑफिसात कुणी गावाकडचा असेल आणि त्याने येळवशीला या म्हटलं तर सुट्टी टाका आणि फॅमिलीला घेऊन जा, पैसे देऊन अशी ट्रिप मिळत नाही. नुसतं रिकाम्या हाताने जाऊ नका एवढंच.

नळदुर्ग. किल्ला एक नंबर आहे त्यात वाद नाही. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच महाल केलाय, पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 चा. धरण भरून पाणी आलं की नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, आणि महालात उभं राहिलं की पाणी तुमच्या समोरून पडतं, तुम्ही आत कोरडे. चारशे वर्षांपूर्वी कुणाच्या डोक्यात आलं असेल काय माहीत. पण ते पाणी बारा महिने नसतं, आपल्याकडं मुख्य पाऊस सप्टेंबरातला, वरचं धरण भरून वाहिलं तरच, त्यामुळं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि काही वर्षी नाहीच. आणि ज्या दिवशी धबधब्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरतो त्याच्या पुढच्या रविवारी अख्खं सोलापूर तिथं असतं, गाडी लावायला जागा नाही, पायऱ्यांवर शेवाळ, वर धक्काबुक्की. आईबाबांना घेऊन तेव्हा अजिबात नको. एक सुट्टी टाकून मधल्या वारी जा, किल्ला उघडायच्या वेळेला पोचा. पाणी नसताना हिवाळ्यात गेलात तर किल्ला शांतपणे बघता येतो, पण आत चालणं भरपूर आहे आणि उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या गुडघ्याला भारी, बाबांना खालीच बसवा. एकूण हे ठिकाण बघायचं आहे, बसायचं नाही, म्हणून तुमच्या यादीत तिसरं.

नान्नज अर्ध्या दिवसाचं. बार्शी रोडला वीसेक किलोमीटर, 1979 पासूनचं माळढोक अभयारण्य. माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, तो आता जवळजवळ उरला नाही. काळवीट दिसतात, कळपाने, नशीब असेल तर लांडगा. सावलीचा पत्ता नाही, म्हणून उजाडता जायचं आणि साडेनऊ-दहाला परत. गाडीतून उतरू नका, इंजिन बंद करून काच खाली घेऊन बसा, काळवीट गाडीला भीत नाही, गाडीतून दोन पायांचं काही उतरलं की पळतं. मुलीला आधीच सांगून ठेवा, ओरडायचं नाही.

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर हे देवाला जायचं म्हणून जा, निवांत म्हणून नको. जायचंच तर वार बघून. अक्कलकोटला गुरुवार आणि पौर्णिमा टाळा, दुपारचा प्रसाद अन्नछत्रात छान होतो. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, आणि नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तर त्या रस्त्याला गाडीच नको, कोजागरीला सोलापुरातून लोक चालत तुळजापूरला जातात, रस्ता माणसांनी भरलेला असतो. जानेवारीत सोलापुरातच सिद्धेश्वराची गड्डा जत्रा असते तेव्हा शहरातूनच बाहेर पडायला वेळ लागतो. आणि मार्च शेवट ते मृगापर्यंत मी स्वतःच्या फॅमिलीला दिवसाच्या ट्रिपला नेत नाही, पैसे देणाऱ्यांना पण दोनदा विचारतो. तेव्हा संध्याकाळी साडेपाचनंतर तुळजापूर रोडला हिप्परगा तलावावर जाऊन वारं खा, दोन तासांत घरी.

खायचं. घरून न्या. ढाबे आहेत, पण रविवारी दुपारी ढाब्यावर एक तास थांबणं आणि तिखट खाऊन आईंना अॅसिडिटी, कशाला. धपाटे, कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, काकडी. कडक भाकरी तुम्ही पुण्याचे म्हणून सांगतो, ती शिळी नाही, तशीच असते, दह्यात किंवा आमटीत चुरून खायची, आणि खराब होत नाही म्हणून प्रवासाला तिच्यासारखी नाही. दात नसतील तर आधी भिजवा. दही नेलं की दुपारपर्यंत आंबट होतं आणि डबा सांडतो, त्यावर माझ्या बायकोची युक्ती, सकाळी उठल्या उठल्या कोमट दुधाला विरजण लावून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरायचं, टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवायचं, एक वाजता जेवायला बसलं की ताजं गोड दही. पाणी माणशी दोन लिटर धरा, जास्त झालं तर हात धुवायला. आणि बाबांना शुगर असेल तर निवांतच्या नादात जेवणाची वेळ पुढं ढकलू नका.

दोन फोल्डिंगच्या खुर्च्या. हॅचबॅकच्या डिकीत बसतात, मी बघितलंय. सत्तरीचा माणूस सतरंजीवर बसतो ओ, पण उठताना दोघं लागतात, मग तो उठायचंच टाळतो, मग पाय आखडतात. लोक स्पीकर आणतात, खुर्ची आणत नाहीत.

बाथरूमचं कुणी विचारत नाही आणि खरी अडचण तीच असते. बायका वाटेत सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, सकाळपासून दोन घोट, मग दुपारी डोकं दुखतं आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. मी न विचारता हायवे सोडायच्या आधीच्या पेट्रोल पंपावर गाडी लावतो आणि "हवा बघायचीय" म्हणून पाच मिनिटं उभा राहतो. कुणाला तोंडाने सांगावं लागत नाही. तुम्ही पण तसंच करा, जाताना आणि येताना.

गाडीचं जास्त नाही. टायरची हवा गाडी गार असताना बघा, दाराच्या पट्टीवर लिहिलेली तेवढीच, पाच माणसं आणि सामान असेल तर फुल लोडचा आकडा. उन्हाळ्यात टायर तापल्यावर हवा जास्त दाखवते म्हणून काढू नका. कूलंट बघा, फास्टॅगमध्ये पैसे बघा. स्टेपनीत हवा आहे का बघा, लोक चार टायर बघतात, पाचवा कुणी बघत नाही. हॅचबॅकमध्ये स्टेपनी डिकीच्या तळाला असते, वर खुर्च्या, डबे, पाणी, म्हणून हे आदल्या दिवशी.

परत निघायची वेळ चार. साडेचार झाले तर झाले, पण अंधाराच्या आत सोलापुरात. कारण ऊस. दिवाळीच्या पुढं मागं कारखाने चालू होतात ते मार्चपर्यंत, सोलापूर जिल्ह्यात कारखाने किती आहेत ते तुम्हाला कळेलच, आणि प्रत्येक रस्त्याला एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या खाली झाकलेला, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, पुढं ड्रायव्हरचा डेक एवढा मोठा की तुमचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. दिवसा ओव्हरटेक करताना पण आधी बघा ट्रॉली एक आहे की दोन, एक समजून काढायला गेलेले मधेच अडकतात. आणि मागं चिकटून चालू नका, ऊस खाली पडतो. अंधारात समोरच्याच्या लाईटने डोळे दिपलेले असताना ती काळी ट्रॉली शेवटच्या क्षणाला दिसते, माझ्यासारखा रोजचा माणूस पण घाबरतो. चारला निघालात की मधे चहा घेऊन साडेपाच-सहाला घरी, उजेडात.

घरी पोचलात की लगेच वर जाऊ नका, चारी टायरवरनं एकदा हात फिरवा. बाभळीचा काटा आत बसलेला असतो, लगेच कळत नाही, हवा रात्रभर हळूहळू जाते आणि सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना गाडी एका बाजूला बसलेली दिसते. काटा दिसला तर ओढून काढू नका, तसाच पंक्चरवाल्याकडं न्या, रविवारी संध्याकाळी उघडा असतो तो.